जीर्णोद्धाराची मर्यादा

देवस्थानांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या आपल्या समाजात 'जीर्णोद्धार' हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. सभामंडपाचे वासे कुजले, दीपस्तंभाला तडे गेले, गर्भकुडीवरची कौले पावसाळ्यात गळू लागली, म्हणजे महाजनांची सभा भरते, वर्गणीची यादी फिरते आणि कामास आरंभ होतो. या सभांतून खर्चाचा प्रश्न ज्या बारकाईने चर्चिला जातो, त्या बारकाईने एक दुसरा प्रश्न मात्र क्वचितच चर्चिला जातो. जीर्ण झालेल्याचा उद्धार कोठे संपतो, आणि होते ते मोडून आपणांस रुचेल ते उभारणे कोठे सुरू होते? या प्रश्नाचा मुळापासून विचार करण्याचा प्रसंग नुकताच आमच्यावर आला. तो देवळाच्या निमित्ताने आला नाही, एका मोटारगाडीच्या निमित्ताने आला. आणि ती गाडीही सातासमुद्रांपलीकडची. वाचकांस हे निमित्त प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि प्रश्न ओळखीचा असला की त्याचे उत्तर आपण सवयीने देऊन मोकळे होतो. तोच प्रश्न परक्या वेषात समोर आला, म्हणजे त्याचा खरा आकार दिसू लागतो. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी आमची विनंती आहे.

हकीकत अशी. फोंडे महालातील आमचे एक बालमित्र १९७१ साली अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि ओहायो राज्यात स्थायिक झाले. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय कायमचा दुबळा झाला होता. गावी असताना ते सायकलही चालवू शकत नसत. जत्रेच्या रात्री पालखीबरोबर चालणे त्यांस जमत नसे, म्हणून देवळाच्या चौकातील पायऱ्यांवर बसून ते पालखी परतण्याची वाट पाहत. १९७४ साली, हाती पगार येऊ लागल्यावर, त्यांनी तेथे एक जुनी गाडी विकत घेतली. ती होती १९६९ सालची पॉंटिअॅक जीटीओ. अशक्त पायाच्या मनुष्याने त्या देशातील अत्यंत दणकट आणि वेगवान गाड्यांपैकी एक घ्यावी, याचे त्यांच्या सहकाऱ्यांस नवल वाटले. त्यावर ते कोंकणीत म्हणत, "लंगडो म्हजो पांय, गाडी न्हय." हे वाक्य त्यांच्या घरात पुढे म्हणीसारखे रूढ झाले.

आमचे हे मित्र आता हयात नाहीत. त्यांची गाडी वीस वर्षे गॅरेजमध्ये कापडाखाली उभी होती. तिचा तळ गंजला, रबर फुटले, आसनांचे कातडे उसवले. त्यांचे चिरंजीव ती आता स्वहस्ते दुरुस्त करीत आहेत. गेल्या चतुर्थीच्या सुमारास त्यांचे पत्र आले. त्यात लिहिले होते, "काका, गाडीला बाबांच्या वेळचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. तो काढून तेथे हाताने गिअर बदलण्याचा चार गतींचा गिअरबॉक्स बसवावा, असे माझ्या मनात आहे. येथील जाणकार म्हणतात की अशी गाडी खरी शोभते ती चार गतींची. आई म्हणते, मग ती बाबांची गाडी राहणार नाही. तुमचे मत काय?" पत्र साधे होते, उत्तर मात्र साधे निघाले नाही.

प्रथम ही गाडी काय वस्तू आहे, ते सांगितले पाहिजे. साठच्या दशकात जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीचा असा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीस ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये. कंपनीच्या पॉंटिअॅक विभागातील जॉन डीलोरियन प्रभृती अभियंत्यांनी १९६४ च्या गाड्यांसाठी या नियमातून वाट काढली. त्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन टेंपेस्ट नावाच्या मध्यम गाडीत बसविले, आणि ती स्वतंत्र गाडी नसून त्या गाडीवर ग्राहकाने मागावयाचा एक जादा साज आहे, असे दाखविले. त्या साजाचे नाव जीटीओ. हलके शरीर आणि भारी हृदय असा हा योग तरुणांस इतका भावला की इतर कंपन्यांनीही तशाच गाड्या काढल्या, आणि पुढे त्या जातीस 'मसल कार', म्हणजे बाहुबळाची गाडी, असे नाव पडले. १९६९ च्या जीटीओत ४०० घनइंचांचे, ३५० अश्वशक्तीचे इंजिन असे. हा बहर फार काळ टिकला नाही. विम्याचे वाढते दर, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी तो ओसरला. पॉंटिअॅक हे नावही जनरल मोटर्सने २०१० साली बंद केले. आज अशा गाड्या जपणारे व जीर्णावस्थेतून वर काढणारे हजारो लोक त्या देशात आहेत, आणि त्यांची या कामावरची निष्ठा पाहिली म्हणजे आपल्याकडील एखाद्या निष्ठावान महाजनाची आठवण होते.

आता गिअरबॉक्सविषयी. आपल्याकडे गाडी शिकणारा मनुष्य पहिला धडा क्लचचा घेतो. डाव्या पायाने क्लच दाबावा, इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडावा, हाताने गिअर बदलावा आणि पाय अलगद सोडून तो संबंध पुन्हा जोडावा, हा तो धडा. स्वयंचलित यंत्रात डाव्या पायास काम नाही. तेथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक बंद भांडे असते. इंजिनाकडील पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोराने समोरची पाती फिरतात. गिअर आपोआप बदलतात. ही युक्ती कालपरवाची नव्हे. जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी जाहीर केला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रणगाड्यांतही वापरला गेला. जीटीओसाठी १९६७ पासून टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० हा तीन गतींचा भक्कम गिअरबॉक्स मिळू लागला. हाताने चालवण्याचा चार गतींचा जो गिअरबॉक्स मिळे, त्यास इंडियाना राज्यातील ज्या गावी तो तयार होई त्या गावावरून 'मन्सी' म्हणत. दोन्ही कारखान्याचेच होते; ग्राहकाने हवा तो मागून घ्यावा, अशी सोय होती.

एक काढून दुसरा बसविणे हे काम वरून वाटते तितके सुटसुटीत नाही. इंजिनाच्या मागची पातळ चकती काढून तेथे जड फ्लायव्हील घालावे लागते. त्यावर क्लच, प्रेशर प्लेट आणि त्यांना झाकणारी घंटेच्या आकाराची पेटी येते. क्रँकशाफ्टच्या टोकाशी नव्या गिअरबॉक्सच्या दांड्यास आधार देणारे एक छोटे बुश बसवावे लागते. रुंद ब्रेकपेडल काढून तेथे दोन अरुंद पेडले येतात. पेडलापासून क्लचपर्यंत जोर पोहोचविणाऱ्या दांड्यांसाठी चौकटीवर नवा आधार जोडावा लागतो. चालकाच्या शेजारची जमीन कापून गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडावे लागते. गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी सरकवावी लागते, प्रॉपेलर शाफ्टचे जोडमुख बदलावे लागते, वेगदर्शकाचे चक्र आणि मागच्या दिव्यांच्या तारा नव्याने जुळवाव्या लागतात. हा तपशील देण्याचे कारण असे की यांतील काही गोष्टी पुन्हा पूर्वीसारख्या करता येतात, आणि काही, उदाहरणार्थ कापलेला पत्रा, पूर्वीसारख्या दिसल्या तरी पूर्वीच्या राहत नाहीत. हा भेद पुढे आपल्या कामी येईल.

आईंचा आक्षेप असा की मग ती बाबांची गाडी राहणार नाही. हा आक्षेप तत्त्वज्ञानातील एका फार जुन्या वादाच्या दाराशी आपणांस नेऊन उभा करतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन स्थविर यवन राजा मिलिंदास विचारतो की, महाराज, आपण रथातून आलात. तर आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? प्रत्येकास नकार मिळतो, आणि शेवटी असे ठरते की 'रथ' हे या सर्वांच्या आश्रयाने केलेले एक नामाभिधान आहे. आपल्या नैयायिकांस हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा अवयवी खराच असतो. परंतु त्यासाठी ते मोठी किंमत मोजतात. वस्त्रातून एक तंतू काढला तरी जुने वस्त्र नाहीसे होऊन नवे 'खंडपट' उत्पन्न होते, असे त्यांस म्हणावे लागते. ग्रीकांकडेही असाच वाद आहे. थीसियसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले आणि कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ भांडत, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली, की काढलेल्या सर्व जुन्या फळ्या कोणी जपून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

या वादात न बुडता त्यातून आपणांस हवे तेवढे घेता येईल. केवळ सुटे भाग मोजून वस्तूची ओळख ठरत नाही, हे उघड आहे. पुरीस श्रीजगन्नाथाच्या दारुमूर्ती ठरावीक योगावर नव्या केल्या जातात. १९९६ आणि २०१५ साली असे नवकलेवर झाले. सारे लाकूड नवे, आणि तरी कोणीही भाविक 'हा दुसरा देव' असे म्हणत नाही, कारण जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ विधिपूर्वक नव्या मूर्तीत ठेवला जातो. आपल्या गोव्यातील देवतांचा इतिहासही हेच सांगतो. सोळाव्या शतकात संकट आले तेव्हा कुठ्ठाळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा, वेर्ण्याची श्रीम्हाळसा यांस अंत्रुज महालात हलविण्यात आले. स्थान गेले, वास्तू गेली, वाटेवरची झाडेही मागे राहिली. परंतु कुळाव्यांचा नमस्कार त्याच दैवतास पोहोचत राहिला. म्हणून 'गिअरबॉक्स बदलला की गाडी दुसरी झाली' असे आम्ही एका दमात म्हणणार नाही.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. 'सर्व भाग बदलूनही वस्तू तीच राहते, मग एक भाग बदलण्यास हरकत काय?' हा युक्तिवाद ऐकण्यास गोड असला तरी लंगडा आहे. नवकलेवरात लाकडाच्या जागी लाकूड येते, तेही शास्त्राने सांगितलेल्या लक्षणांचे. आणि ते जुने लाकूड झिजते म्हणून येते. अंत्रुजास देव गेले ते प्राणांतिक संकटामुळे. या दोन्ही ठिकाणी बदल गरजेने झाला आणि बदल करणाऱ्याने स्वतःची आवड बाजूस ठेवली. आमच्या मित्रपुत्राच्या गाडीचा गिअरबॉक्स तपासला असता तो दुरुस्त होण्याजोगा आढळला आहे. म्हणजे येथे झीज हे कारण नाही; कारण आहे इच्छा. इच्छा हे काही पाप नव्हे. पण गरजेच्या बदलास जी मोकळीक मिळते, ती इच्छेच्या बदलास फुकट मिळत नाही. त्याने आपले समर्थन स्वतः मिळविले पाहिजे.

आता दुसरा मुद्दा सत्याचा. या गाड्यांच्या बाजारात चार गतींच्या गाडीस अधिक भाव येतो, हे सर्वश्रुत आहे. जून २०१४ मध्ये सिएटल येथील लिलावात १९७१ ची एक प्लिमथ हेमी कूडा ३५ लाख डॉलरांस गेली. ती छत उघडणारी होती आणि तशा गाड्या मुळात अकराच बनल्या. पण तिच्या किमतीस तिचा चार गतींचा गिअरबॉक्सही कारण होता. जेथे दोन रूपांच्या किमतींत एवढे अंतर पडते, तेथे एका रूपाची गाडी दुसऱ्या रूपाची म्हणून खपविण्याचा मोह होणारच. म्हणून जाणकार लोक गाडीची साक्ष घेतात. १९६९ च्या जीटीओचा अनुक्रमांक २४२ या आकड्यांनी सुरू होतो. त्यावरून ती जीटीओ आहे एवढे कळते, गिअरबॉक्स कळत नाही. परंतु इंजिनाच्या पुढच्या अंगावर दोन अक्षरे कोरलेली असतात. ३५० अश्वशक्तीचे इंजिन स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी बनले असल्यास 'वायएस', हाताच्या गिअरबॉक्ससाठी बनले असल्यास 'डब्ल्यूटी'. कारखान्यातून निघतानाच्या बिलाच्या नकलाही पॉंटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडून मिळतात. गाडीने आपली जन्मकथा अशी अंगावर आणि कागदावर वागविली आहे. गिअरबॉक्स बदलणारा मनुष्य ती अक्षरे तशीच ठेवतो, की घासून टाकून दुसरी कोरतो, यावर तो कारागीर आहे की लबाड, हे ठरते. पहिल्याने गाडी बदलली. दुसऱ्याने साक्षीदार फोडला.

या बाबतीत आपल्या भाषेतच एक थोर आदर्श आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेदांचे आणि घुसडलेल्या ओव्यांचे तण माजले होते. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, त्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. नाथ स्वतः श्रेष्ठ कवी होते. मूळ ओवीहून सरस ओवी लिहिण्याचे सामर्थ्य आपल्या अंगी आहे, असे दुसऱ्या कोणास वाटले असते, तर त्याने ती घातलीही असती. नाथांनी घातली नाही. उलट पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, असे शेवटी बजावून ठेवले. आपली रचना त्यांनी आपल्या ग्रंथात केली. दुसऱ्याच्या ग्रंथात केली नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याच्या अंगी कौशल्य असावे लागते ते असे, स्वतःस झाकून ठेवणारे.

योगायोग असा की ज्या १९६४ सालच्या गाड्यांत पहिली जीटीओ मोडते, त्याच वर्षी व्हेनिस येथे जगातील वास्तुरक्षकांनी एक सनद तयार केली. जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवे काही जोडणे अपरिहार्यच असेल तर ते नवे म्हणून ओळखू यावे, असा तिचा आशय आहे. पुढे जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने इटलीतील तोरिनो येथे २०१२ साली याच धर्तीवर गाड्यांसाठी सनद मान्य केली. तीत सांगितले आहे की, बदल करणे भागच पडले तर तो उलटविता येण्याजोगा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. व्हेनिसचा वास्तुकार, ओहायोचा मेकॅनिक आणि पैठणचा संत यांचे या एका गोष्टीत एकमत व्हावे, याचा आम्हांस आनंद वाटला.

येथवर आलेला वाचक म्हणेल, तुमचा निर्णय ठरला. गाडीस हात लावू नये. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती दुबळी नाही. यंत्र हे चालण्यासाठी असते. जी गाडी वीस वर्षे कापडाखाली उभी राहिली, तिचा प्रत्येक स्क्रू मूळचा होता. पण तिच्यात गाडीपण किती उरले होते? ज्या देवळात दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही, त्याची शिल्पे शाबूत असली तरी ते देऊळ पाहण्याचे झाले, नमस्काराचे राहिले नाही. आपल्या देवळांत समईच्या जोडीला विजेचे दिवे आले, विहिरीवर पंप बसला, म्हणून कोणी देव बाटला असे म्हटले नाही. जी परंपरा आजच्या माणसास तिच्यात हात घालू देत नाही, तिच्याकडे तो लवकरच पाठ फिरवितो. हा मुलगा गाडी विकून पैसे करू इच्छीत नाही. पत्रात त्याने आणखी एक वाक्य लिहिले होते. "गाडी मला नुसती नेते आहे असे वाटू नये, मी ती चालवितो आहे असे वाटावे." यंत्राने सर्व करावे आणि माणसाने बसून राहावे, अशा आजच्या काळात ज्यास स्वतःच्या हातापायांनी काही करावेसे वाटते, त्याची ही इच्छा आम्हांस क्षुद्र वाटत नाही. शिवाय वारसा म्हणजे केवळ पहारा नव्हे. वडिलांनी घर दिले तर मुलाने त्यात राहावे, अशीच त्यांची इच्छा असते.

तेव्हा कोणताही बदल म्हणजे अधर्म, असे म्हणता येत नाही. आणि आपली वस्तू आहे, वाटेल ते करावे, असेही म्हणता येत नाही. निर्णय करण्यासाठी या विशिष्ट गाडीकडेच पुन्हा वळले पाहिजे. जाणकार म्हणतात, अशी गाडी खरी शोभते ती चार गतींची. या वाक्यातील 'अशी' या शब्दापाशी आम्ही अडखळलो. ते एका जातीविषयी बोलत आहेत. मुलाच्या हाती आहे ती एक व्यक्ती. जातीचा आदर्श व्यक्तीवर लादणे, हा आपल्या समाजाचाही जुना दोष आहे. या गाडीस स्वयंचलित गिअरबॉक्स आहे, हे तिच्यातील न्यून नव्हे. तिच्या पहिल्या मालकाने तो कारखान्याकडून मागून घेतला होता. का, ते आता कळण्यास मार्ग नाही. दुसऱ्या मालकाने मात्र ती का घेतली, हे आपणांस पक्के ठाऊक आहे. क्लच दाबण्याचे बळ त्याच्या डाव्या पायात नव्हते. ज्या मुलास पालखीबरोबर चालता येत नसे, त्यास या तेलाच्या भांड्याने आणि तीन गतींच्या चक्रांनी ३५० घोड्यांचा स्वामी केले. बाजाराच्या दृष्टीने जो भाग त्या गाडीत सर्वांत कमी किमतीचा, तोच आमच्या मित्राच्या आयुष्यात सर्वांत मोलाचा होता. इंजिन तर त्या जातीच्या सर्व गाड्यांत सारखेच. रंगही शेकडो गाड्यांस तोच असेल. बाबांचे म्हणून तिच्यात जे काही आहे, ते या गिअरबॉक्समध्ये आणि त्या रुंद एकट्या ब्रेकपेडलात आहे. आईंना हे शब्दांत मांडता आले नसेल. पण त्यांचा आक्षेप नेमका जागेवर पडला होता.

हे ध्यानात आल्यावर आम्ही चिरंजीवास जे उत्तर लिहिले, त्याचा सारांश असा. प्रथम जुना गिअरबॉक्स दुरुस्त कर आणि त्यासह गाडी रस्त्यावर आण. एक वर्ष ती बाबांसारखी चालव, डावा पाय स्वस्थ ठेवून. त्यांस काय मिळत होते ते तुझ्या शरीरास कळू दे. कारण जे आपण अनुभविलेच नाही, ते टाकून देण्याचा अधिकार पुरता आपला नसतो. वर्षानंतरही तुझी इच्छा कायम राहिली, तर बदल कर; आम्ही तुला दोष देणार नाही. पण तीन गोष्टी पाळ. इंजिनावरची अक्षरे आणि कारखान्याचे बिल यांस धक्का लावू नकोस. काढलेला गिअरबॉक्स, ते पेडल आणि कापलेला पत्र्याचा तुकडासुद्धा तेल लावून, चिठ्ठी बांधून गाडीबरोबर ठेव, म्हणजे तुझ्या मुलांस वाटले तर त्यांना परत फिरता येईल. आणि एका वहीत काय बदलले, केव्हा बदलले, कशासाठी बदलले, हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेव. त्या वहीच्या पहिल्या पानावर बाबांचे ते कोंकणी वाक्य लिही. पुढे गाडी कोणाच्याही हाती गेली तरी वही तिच्याबरोबर जावी.

उत्तर पाठविल्यावर आमच्या मनात आले की हीच तीन बंधने आपल्या देवस्थानांच्या समित्यांनीही स्वतःवर घालून घेण्याजोगी आहेत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव लाकडी खांब काढून तेथे गुळगुळीत फरशा बसविल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. जांभ्या दगडाची जुनी पायरी काढून संगमरवराची घातली जाते, आणि त्यावर देणगीदाराचे नाव कोरले जाते. पण खाली कोणता दगड होता, तो कोणी घडविला, तो कोठे गेला, याची एक ओळही कोणी लिहून ठेवीत नाही. बदल करणारे लोक दुष्ट नसतात. त्यांची भक्ती खरी असते, पैसाही कष्टाचा असतो. त्यांच्याकडून एवढेच राहून जाते की, देऊळ कसे असावे याविषयीची सर्वसाधारण कल्पना डोळ्यांपुढे असते, आणि हे एक देऊळ कसे आहे, कोणाच्या कोणत्या दुःखातून आणि नवसातून तसे झाले आहे, हे पाहावयाचे राहते. न जाणो, त्या झिजलेल्या पायरीवर बसून कोणी लंगडा मुलगा पालखीची वाट पाहत असेल, आणि त्याच्या आयुष्याची एवढीच खूण जगात उरली असेल.

बदलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही झीज आहे की आपली इच्छा? जे काढतो आहोत ते कोणाचे होते? आणि जे केले ते पुढच्यांस खरेखरे कळेल काय, व मनात आल्यास उलटविता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे देऊनही पुष्कळदा बदल करावाच लागेल. आमचे म्हणणे बदलाविरुद्ध नाही. न विचारता केलेल्या बदलाविरुद्ध आहे.

चिरंजीवाचे उलट उत्तर परवाच आले. गाडी रस्त्यावर आली आहे. पहिल्या दिवशी त्याने आईस शेजारी बसवून गावाबाहेर चक्कर मारली. सवयीने त्याचा डावा पाय क्लच शोधीत दोनदा पुढे गेला आणि रिकाम्या जागेत थांबला. तो लिहितो, "त्या रिकाम्या जागेत बाबांचा पाय होता, हे मला त्या क्षणी कळले." चार गतींचा गिअरबॉक्स त्याने विकत घेऊन ठेवला आहे; तो अद्याप खोक्यातच आहे. वर्षअखेर तो काय ठरवील, ते आम्हांस ठाऊक नाही, आणि ते आम्ही ठरविण्याचेही नाही. परंतु जे काही ठरवील ते पाहून ठरवील, याची मात्र आता आम्हांस खात्री वाटते.